सामेल मिस्त्री आणि नव्या गाड्यांची चाकं

मला मोटारीतलं काही कळत नाही. कुणी गाडीचं बॉनेट उघडलेलं दिसलं तर मी तोंड दुसरीकडे फिरवते. पण चाकाचं बेरिंग जायला लागलं की कसा आवाज येतो, हे मला आज पन्नास वर्षांनंतरही झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. आधी डबीत भुंगा कोंडल्यासारखं बारीक घूंऽऽ येतं. मग महिन्या-दोन महिन्यांत त्यात खरखर मिसळते. मग एके दिवशी ते घूं बंद होतं आणि नुसती कचकच उरते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची ती कचकच कानावर आली की सामेल मिस्त्री हातातला पाना खाली ठेवायचे आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे.

हे ज्ञान मी कुणाकडे मागायला गेले नव्हते. पारनेरच्या शाळेत मला नोकरी लागली आणि खोली मिळाली ती नेमकी मिस्त्रींच्या गॅरेजसमोर. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, मध्ये गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा आणि कडेला एक बाभूळ. दिवसभर ठोकाठोक. पहिल्याच आठवड्यात मी पदर खोचून भांडायला गेले. वह्या तपासायला बसलं की डोक्यात घण पडतात, असं बरंच काही बोलले. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, वह्या कवा तपासता?"

"संध्याकाळी. पाच ते सात."

"मंग पाच ते सात मी ग्रीस भरत जाईन. ग्रीसला आवाज नसतो."

आणि त्यांनी तसं केलं. माझी तेव्हा तेवीस वर्षांची ऐट होती, त्यामुळे मी आभार वगैरे काही मानले नाहीत.

त्यांचं खरं नाव शमुवेल. गावानं त्याचं सामेल करून टाकलं आणि त्यांनीही ते विनातक्रार घेतलं. नगरला मिशनच्या कारखान्यात सुतारकाम आणि लोहारकाम शिकून ते मोटारींकडे वळले होते, एवढंच मला ठाऊक. उंच, हाडकुळा माणूस, खाकी अर्धी चड्डी आणि सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. रविवारी मात्र पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून बायको मार्थाबाईंसह चर्चमध्ये उपासनेला. त्या दिवशी गॅरेजच्या दोन खांबांना आडवी साखळी लावलेली असायची.

त्यांची एक सवय सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय होती. कुठलीही गाडी थांबली की ते उठून तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि चारही चाकांच्या मध्यावर उलटा हात टेकवायचे. पोराचा ताप बघतात तसा. गाडी त्यांच्याकडे आलेली असो वा नसो. एस.टी. स्टँडवर पाहुण्याला पोचवायला गेले तरी ते आधी एस.टी.च्या चाकांना हात लावून यायचे. कंडक्टर वरून ओरडायचा, "काय मिस्त्री, हाय का ताप?" आणि हे गंभीरपणे उत्तर द्यायचे, "मागल्या डाव्याला कणकण हाय. डेपोत सांगा." त्यांचं म्हणणं असं, की तळहात कामानं मरून जातो, हाताची पाठ खोटं बोलत नाही.

माणसांच्या चालण्याकडेही त्यांचा तसाच कान असायचा. एकदा मी शाळेतून येत होते, तर खड्ड्यातूनच आवाज आला, "बाई, डावी चप्पल आतून झिजलीय. पाय मुरगळंल." मला भयंकर राग आला. खोलीवर जाऊन बघितलं तर चप्पल खरंच झिजली होती. तीच घालून मी चार दिवस मुद्दाम त्यांच्या समोरून चालत गेले.

वाईट बातमी गोड करून सांगणं त्यांना अजिबात जमत नसे. "किती दिवस चालेल?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "पडस्तोवर." आणि खरी भीती वाटायची ती त्यांनी काहीच न सांगण्याची. चाकाला हात लावून मिस्त्री गप्प झाले, की गाडीवाल्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

दुष्काळ पडायच्या थोडं आधी तालुक्यात नव्या गाड्या दिसायला लागल्या. दवाखान्याच्या डॉक्टरांनी घेतली, एका कंत्राटदारानं जीप घेतली, दोघा-तिघांनी टॅक्सी घेतली. आणि मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. पत्रा सुतळीनं बांधलेल्या जुन्या खटारा गाड्या बिनबोभाट फिरायच्या आणि नव्याकोऱ्या गाड्या पाच-सहा महिन्यांत घुमायला लागायच्या. चहाच्या हॉटेलात दोन तट पडले. एक म्हणे, आताचा मालच हलका येतो. दुसरा म्हणे, नव्या गाडीला नजर लागते. नजरेचा तट मोठा होता. एका टॅक्सीचं चाक तर भाळवणीच्या रस्त्याला चालत्या गाडीतून निखळून शेतात गेलं. आत बसलेली माणसं नशिबानं नुसती खरचटून वाचली. त्यानंतर लोक नव्या गाडीत बसताना देवाचं नाव घ्यायला लागले.

मिस्त्रीही आधी मालालाच दोष द्यायचे. पण डॉक्टरांच्या गाडीचं पुढचं उजवं बेरिंग वर्षात तिसऱ्यांदा गेलं तेव्हा ते खाली मांडी घालून बसले आणि चाकातला एकेक भाग कागदावर मांडू लागले. मी माडीवरच्या माझ्या गॅलरीतून बघत होते. बराच वेळ झाला तरी ठोकल्याचा आवाज नाही, म्हणून खाली उतरले. त्यांनी चिमट्यात धरून काहीतरी काळं, चिकट माझ्यापुढे केलं. मला वाटलं मेलेली गोम आहे.

"लोकर हाय, बाई. काळ्या मेंढीची. पिळाचा दोरा."

आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या लाकडी गाभ्याला, दृष्ट लागू नये म्हणून काळ्या लोकरीचा दोरा बांधतात. मारुतीच्या पायाशी ठेवायचा, तेलात भिजवायचा आणि घरातल्या बाईनं सात गाठी मारून बांधायचा. बैलगाडी आपली डुलत चालते, लाकडाला दोऱ्याचं काय होणार? पण तोच दोरा आता घरोघरच्या आया नव्या मोटारीला बांधत होत्या. चाकाच्या आतल्या अंगाला, जिथे लोखंडी दांडा चाकात शिरतो तिथे. मोटारीचं चाक मिनिटाला शेकड्यांनी फिरतं. दोरा सरकत सरकत आत जायचा, ग्रीस धरून ठेवणारी चामड्याची कडी कातरायचा. ग्रीस गळून जायचं आणि दुष्काळी कामांवरच्या रस्त्यांची धूळ आत शिरायची. जुन्या गाडीला दृष्ट कोण लावणार, म्हणून तिला कुणी दोरा बांधत नसे. तीच धडधाकट राहायची.

"आन् आवाज आला की काय करत्यात?" मिस्त्री म्हणाले. "नजर लागली म्हून आनखी एक बांधत्यात."

ते हसत नव्हते. मला मात्र हसू आलं होतं, ते मी गिळलं.

पुढच्याच आठवड्यात कंत्राटदाराची जीप घुमत आली. मिस्त्रींनी चाक उघडलं, आतले दोन दोरे चाकूनं कापून फेकले, नवं बेरिंग घातलं आणि जीप नीट करून दिली. चार दिवसांनी कंत्राटदाराच्या नातवाला गोवर निघाला. मग काय विचारता! दोरा कापला, तोही किरिस्तावानं कापला, अशी बोंब गावभर झाली. पाच-सात जण गॅरेजसमोर येऊन उभे राहिले. कंत्राटदाराचा भाऊ म्हणाला, "तुमाला आमच्या देवाचं काय पडलंय? तुमचा हात लागलाच कसा?" मिस्त्री खाली मान घालून उभे होते. मार्थाबाई गॅरेजमागच्या घराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे माणसं पांगली. पोरगा पंधरा दिवसांत बरा झाला, पण दीड महिना गॅरेजमध्ये एकही गाडी आली नाही.

तेव्हापासून त्यांनी एक नेम केला. दोऱ्याला स्वतःचा हात लावायचा नाही. ज्या बाईनं बांधला तिनंच येऊन सोडायचा. गाडी आली की चाक उचलून ठेवायचे, हात धुवायचे आणि त्या गाडीवाल्याच्या घरी जाऊन ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. "मावशी, तुमच्या लेकराच्या गाडीला दोरा हाय, लई चांगलं केलं. पन तो चाकाला नको. आरशाला बांधा." म्हाताऱ्या आधी नाक मुरडायच्या. मग हा माणूस खिशातून झिजलेलं बेरिंग काढायचा, त्यात बोट घालून फिरवायचा आणि त्यांच्या कानाशी धरायचा. खरखर ऐकून म्हाताऱ्या मुकाट उठायच्या. मी स्वतः पाहिलंय, सत्तरीच्या बायका नऊवारीचा काष्टा सावरत गॅरेजच्या खड्ड्यात उतरायच्या आणि दातानं गाठी सोडायच्या. अशा नऊ-दहा गाड्या त्यांनी वाचवल्या असतील. उपकार कुणी मानले नाहीत, पण पुन्हा गाड्या यायला लागल्या.

वसंताची टॅक्सी त्यातच वाचायला हवी होती.

वसंता म्हणजे तान्हाबाईंचा एकुलता एक मुलगा. सव्वीस-सत्तावीसचा, सडसडीत, सदा शीळ घालणारा. त्याच्या नव्या टॅक्सीनं मी दोनदा नगरला गेले होते. आरशासमोर फुलांची माळ, आणि बसणाऱ्या प्रत्येकाला "पाय पुसून या बरं का" असं सांगणं. गाडी दारात आली त्या दिवशी तान्हाबाईंनी चारही चाकांना दोरे बांधले होते. मिस्त्री त्यांच्याकडे दोनदा जाऊन आले. पण त्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. "बरं वाटलं की येते रे सामेल, माझ्या हातानं सोडते," असं त्यांनी कबूल केलं होतं. फाल्गुनात त्या गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, मी वार्षिक परीक्षेचे पेपर घेऊन बसले होते. खालून कचकच ऐकू आली. घूं नाही, नुसती कचकच. वसंतानं टॅक्सी पत्र्याखाली घातली. मिस्त्रींनी पुढच्या डाव्या चाकाला हात टेकवला आणि लगेच मागे घेतला. मग ते काही बोललेच नाहीत.

चाक निघालं तेव्हा मी खाली गेले होते, ठोकाठोकीबद्दल कुरकुर करायला. बेरिंग तापून निळं पडलं होतं. त्यातल्या दोन गोळ्यांचा चुरा झाला होता. आणि दांड्याभोवती तो काळा दोरा आत ओढला गेला होता. एक गाठ तेवढी बाहेर दिसत होती.

"वसंता, हा काढाया पायजे."

"न्हाई."

"अरे, ह्यो काढल्याबिगर नवं बेरिंगबी टिकायचं न्हाई."

"मिस्त्री, आईच्या हातची गाठ हाय ती." वसंतानं दांड्यापुढे हात आडवा धरला. "तिचं सगळं जाळलं आमी. लुगडी, गोधडी, समदं. एवढंच ऱ्हायलंय. हात लावू नगा."

मिस्त्रींच्या हातात चाकू होता. ते तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे तिसरं माणूस मीच होते, आणि मी शिकलेली होते. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती, हे मला स्वच्छ कळलं.

मी म्हणाले, "राहू द्या ना, मिस्त्री. आत्ताच आई गेलीय त्याची. चार दिवसांनी तोच सोडेल."

त्यांनी चाकू खाली ठेवला. नगरहून नवं बेरिंग यायला मंगळवार उजाडणार होता. त्यांनी जुनंच बेरिंग पुसून, ग्रीस भरून चाक बसवलं, ते केवळ गाडी ढकलून कडेला घेता यावी म्हणून. वसंताला तीनदा सांगितलं, "मंगळवारपर्यंत हिला हात लावायचा न्हाई. आईची आन हाय तुला." वसंतानं मान डोलावली. मी वर जाऊन पेपर तपासले. निबंध चांगले लिहिले होते पोरांनी.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊच्या सुमाराला वसंता धावत आला. एका वस्तीवर एक बाई अडली होती, तिला नगरच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि डॉक्टरांची गाडी गावात नव्हती. मिस्त्री उपासनेला गेले होते. वसंतानं साखळी काढली, मला खालूनच ओरडून सांगितलं, "बाई, मिस्त्रीला सांगा, हळू नेतो म्हणावं!" आणि गाडी काढली. मी गॅलरीत उभी होते. थांब म्हणाले नाही. बाई अडलीय म्हटल्यावर काय म्हणणार, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

पुढचं मला मार्थाबाईंनी सांगितलं. गाणं चालू होतं. सगळे उभे राहून गात होते. बाहेरच्या रस्त्यानं एक गाडी गेली, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. एकट्या मिस्त्रींनी गाणं थांबवलं. हातातलं पुस्तक त्यांनी मार्थाबाईंच्या हातात दिलं आणि बाकांमधून वाट काढत बाहेर पडले. चपलाही घातल्या नाहीत.

मला दिसले ते पळताना. पांढरं धोतर एका हातात धरलेलं, अनवाणी, पन्नाशीचा माणूस भर रस्त्यातून पळत होता. वाण्याच्या दुकानासमोर एक सायकल उभी होती, ती त्यांनी विचारल्याशिवाय उचलली. वाणी शिव्या देत मागे धावला. मी वरून नुसती बघत होते.

सुप्याच्या बाजूला जो उतार आहे तिथे, वस्ती यायच्या आधीच, चाक सुटलं. गाडी कोरड्या ओढ्यात उलटली. वसंता एकटाच होता. मिस्त्री पोचले तेव्हा त्याच्यात थोडी धुगधुगी होती म्हणतात. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या अडलेल्या बाईला पुढे बैलगाडीतून नेलं. ती आणि तिचं मूल दोघंही जगली.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल दिला. सामेलनं मेलेल्या बाईचा दोरा कापला आणि तिनं पोराला नेलं. काल चाक त्यानंच उघडलं होतं, हे तर सगळ्यांनी पाहिलं होतं. हवालदार पंचनाम्याला आला तेव्हा मी गॅलरीत होते. त्यानं विचारलं, "दोरा कापला का तुमी?"

"न्हाई."

"का न्हाई कापला? तुमी तर समद्यांना सांगत फिरता, दोऱ्यानं चाक जातं म्हून."

मिस्त्री वर बघतील असं मला वाटलं. ते बघतील म्हणून मी आत सरकले. पण त्यांनी वर पाहिलं नाही. "चाकू खाली ठिवला मी," एवढंच ते म्हणाले. तेव्हा मी खाली उतरून सांगायला हवं होतं की ठेवायला मी लावला. मी उतरले नाही. सोमवारी शाळेत गेले आणि दोन वर्गांना व्याकरण शिकवलं.

गॅरेजला मग कुणी येईना. पाच ते सातच काय, दिवसभर शांतता असायची आणि ती मला सहन होत नसे. एक दिवस धीर करून मी गेले आणि म्हणाले, "मिस्त्री, चूक माझी होती." ते जुन्या टायरवर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी सांगितलं, बाई. पन चाकू माज्या हातात व्हता." माझी सुटका करायला ते हे बोलले असावेत. माझी सुटका काही झाली नाही.

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघण्याच्या आधल्या दिवशी बाजारात गेले होते. आठवडे बाजार, दुष्काळामुळे माल कमी आणि माणसंच जास्त. बाजाराच्या टोकाला गलका ऐकू आला म्हणून पुढे झाले. पुण्याकडची एक नवीकोरी गाडी उभी होती. तिच्याखालून दोन अनवाणी पाय बाहेर आले होते आणि चार-पाच जण ते पाय धरून ओढत होते. गाडीचा ड्रायव्हर हातातल्या काठीनं पायांवर मारत होता. "दोरा तोडतोय हरामखोर! बाहेर ओढा त्याला!" पाय हलत नव्हते. आतून चाकूनं काहीतरी कापत असल्याचा बारीक आवाज येत होता.

मी गर्दीत घुसले. "मारू नका! मी बाई आहे शाळेतली, मारू नका म्हणते ना!" असं ओरडले. दोघा-तिघांनी मला ओळखलं आणि हात आवरले. ड्रायव्हर परका होता, त्यानं आणखी दोन काठ्या मारल्याच.

मग मिस्त्री आपण होऊन बाहेर आले. ओठ फुटला होता, नडग्या सोलल्या होत्या, गळ्याजवळचं बटण तुटून गेलं होतं. उभे राहून त्यांनी आधी मुठीतले दोरे झटकले, त्यांची धूळ सदऱ्याला पुसली आणि दोन्ही हातांनी ड्रायव्हरपुढे धरले.

"ही घ्या तुमच्या घरची वस्तू. चारी चाकांचं काढलंय. आता जा नीट."

काठी काखेत मारून ड्रायव्हरनं ते घेतले. दोरे त्याच्या हातात तसेच राहिले.

मी म्हणाले, "मिस्त्री, दवाखान्यात चला. रक्त येतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. सदऱ्याच्या बाहीनं ओठ टिपला, खाली पडलेला चाकू उचलला. पलीकडे कडुनिंबाखाली दुसरी एक नवी गाडी येऊन थांबत होती, तिच्यातून बायका-पोरं उतरत होती. मिस्त्री लंगडत तिकडे चालायला लागले. दोरा बांधणाऱ्या बाईची वाट बघणं आता त्यांनी सोडलं होतं. त्यांच्या मागोमाग लोकही निघाले.